जादा ताकदीची कळ : बोरघाट, आंदर मावळ आणि नायट्रसचा कंट्रोलर

१.
मोटारींच्या शर्यतीचा एखादा खेळ संगणकावर खेळलेल्या प्रत्येकाला 'नायट्रस'ची कळ ठाऊक असते. कळ दाबली की गाडी क्षणात झेपावते. प्रत्यक्षातल्या गाडीत मात्र ती कळ आणि ती झेप यांच्यामध्ये तारांचे एक छोटेसे जाळे असते, आणि बहुतेक वेळ नकार देणे हेच त्या जाळ्याचे काम असते. थोड्या वेळापुरती लागणारी जादा ताकद साठवायची कशी, सोडायची कधी आणि रोखायची कोणी, हे तीन प्रश्न पुणे जिल्ह्यातल्या मावळात दीडशेहून अधिक वर्षे विचारले जात आहेत. आजचा धागा त्यांच्याविषयी.

२.
आधी भूगोल. वडगाव मावळच्या उत्तरेस, टाकवे बुद्रुकपासून खांडी-कुसूरच्या कड्यापर्यंत पसरलेले आंद्रा नदीचे खोरे म्हणजे आंदर मावळ. शेजारी नाणे मावळ, पलीकडे पवन मावळ. या खोऱ्यांची पश्चिम सीमा म्हणजे सह्याद्रीचा कडा. कड्याखाली कोकण सुरू होते आणि मधला उतार काही थोड्या अंतरात शेकडो मीटरांचा आहे. कुसूरच्या घाटवाटेने उतरणारा वाटसरू खाली भिवपुरीला पोहोचतो. वर चढणाऱ्याला हा कडा अडथळा वाटतो. वरून खाली येणाऱ्या पाण्याला तोच कडा सामर्थ्य देतो. पुढची सगळी गोष्ट या एका वस्तुस्थितीतून निघते.

३.
प्रथम अडथळा. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने बोरघाटातल्या मार्गाचे काम १८५६ मध्ये हाती घेतले. मुख्य अभियंता जेम्स बर्कली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये येथे आला आणि अल्पावधीतच मरण पावला. त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने ते कंत्राट पुढे चालवले. काम ऐन भरात असताना चाळीस हजारांहून अधिक मजूर घाटात राबत होते. त्यांतले कित्येक पटकी आणि तापाने तेथेच गेले. एप्रिल १८६३ मध्ये मार्ग खुला झाला. २५ बोगदे, सुमारे २५ किलोमीटरचे अंतर आणि त्यात ५५८ मीटरची चढण. सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांस १ फूट.

४.
रस्त्याच्या दृष्टीने हा चढ किरकोळ. पोलादी रुळावर फिरणाऱ्या पोलादी चाकाच्या दृष्टीने भयंकर. सपाटीवर जी गाडी एक इंजिन आरामात ओढते, ती येथे जागची हलेना. मग प्रत्येक गाडीला कायमचे मोठे इंजिन द्यावे काय? मुंबई ते पुणे या साऱ्या प्रवासात तीव्र चढ एवढ्या एकाच टप्प्यात. तेवढ्यासाठी अवजड इंजिन सर्वत्र वागवणे म्हणजे कोळशाची नासाडी. उत्तर निघाले ते असे : कर्जतला गाडीच्या पाठीमागे जादा इंजिने जोडायची, त्यांनी ढकलत लोणावळ्यापर्यंत आणून सोडायचे आणि परत खाली जायचे. यांना 'बँकर' म्हणतात. कर्जतला गाडी थोडी जास्त थांबते आणि फलाटावर बटाटेवडे खपतात, त्याचे मूळ कारण हेच.

५.
परंतु जादा ताकद जोडणे सोपे, ती वेळेवर वापरणे अवघड. पुढचा चालक आणि मागचा चालक यांच्यामध्ये संपूर्ण गाडी असते. एकमेकांना ते दिसत नाहीत. पुढच्याने ब्रेक लावला आणि मागचा ढकलतच राहिला, तर मधले डबे दोहोंच्या कात्रीत सापडून रुळांवरून उतरू शकतात. म्हणून शिट्यांची सांकेतिक भाषा ठरली : निघायची तयारी, ढकलणे सुरू, ढकलणे बंद. इशाऱ्याला प्रत्युत्तर मिळाल्याशिवाय हालचाल नाही. घाटातला हा पहिला 'कंट्रोलर' तारांचा नव्हता. तो शिट्टीचा आणि नियमपुस्तिकेचा होता.

६.
उतरणीचा प्रश्न याहून बिकट. जानेवारी १८६९ मध्ये खाली येणाऱ्या मेल गाडीवरचा ताबा सुटून बोरघाटात मोठा अपघात झाला. घाटमार्गांवर पुढे जी व्यवस्था रूढ झाली तिचे तत्त्व फार विचार करण्याजोगे आहे. उतारावर जागोजागी मुख्य मार्गापासून फुटून चढावर जाणारा एक आखूड फाटा ठेवतात आणि रूळ एरवी त्या फाट्याकडेच वळवलेले असतात. गाडीने थांबून आपण काबूत आहोत हे दाखवले, तरच तिला सरळ वाट मिळते. बेफाम गाडी कोणाच्याही आज्ञेवाचून फाट्यावर चढून थांबते. म्हणजे माणूस चुकला, यंत्र बिघडले, कोणी काहीच केले नाही, तरी यंत्रणा सुरक्षित बाजूलाच कलते.

७.
तीन नियम येथेच लक्षात ठेवू. जादा ताकद थोड्या वेळापुरती असावी. ती ठरलेल्या क्रमाने आणि अटी पूर्ण झाल्यावरच यावी. आणि बिघाड झाला तर ती आपोआप बंद पडावी. पुढे पाणी येईल, वीज येईल, वायू येईल. नियम हेच राहतील.

८.
आता सामर्थ्याकडे वळू. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळ्यात कोसळणारे पाणी अडवून कोकणात सोडावे आणि त्यावर वीज निर्माण करावी, ही कल्पना मुंबईतील डेव्हिड गॉस्टलिंग यांनी जमशेटजी टाटांपुढे मांडली. जमशेटजी १९०४ मध्ये निवर्तले. १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी स्थापन झाली आणि १९१५ च्या फेब्रुवारीत लोणावळा परिसरातील तलावांचे पाणी खोपोलीच्या वीजघरात उतरून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. गिरण्यांची भूक मोठी होती. दुसऱ्या खोऱ्याचा शोध सुरू झाला आणि नजर आंदर मावळावर गेली.

९.
१९१६ मध्ये स्थापन झालेल्या या दुसऱ्या कंपनीचे नाव 'आंध्र व्हॅली पॉवर सप्लाय कंपनी'. या नावाने आजही अनेकांची फसगत होते. आंध्र प्रदेशाशी हिचा काडीचाही संबंध नाही. इंग्रजी कागदपत्रांत 'आंद्रा'चे झालेले हे रूप आहे. ठोकळवाडी येथे आंद्रेवर धरण झाले, सह्याद्रीचा कणा पोखरून बोगदा काढला गेला आणि १९२२ मध्ये कड्याखाली भिवपुरीच्या वीजघरातून वीज वाहू लागली. कुसूरच्या वाटेने माणसे आणि बैल शतकानुशतके जो उतार घाम गाळीत उतरत, तोच उतार आता पाणी नळातून काही क्षणांत उतरू लागले.

१०.
ठोकळवाडीच्या जलाशयाकडे नीट पाहा. पाऊस चार महिन्यांचा, गरज बारा महिन्यांची. आणि त्या बारा महिन्यांतही दिवसाच्या ठरावीक तासांनाच अधिक. म्हणून पाऊस जणू बाटलीत भरून ठेवायचा आणि हवा तेव्हाच बूच उघडायचे. कोळशाच्या वीजघरात बाष्पक तापायला तास लागतात. जलविद्युत संच काही मिनिटांत पूर्ण भार उचलतो. याच गुणामुळे ही जुनी वीजघरे शंभर वर्षांनंतरही अडगळीत गेलेली नाहीत. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगराचा वीजपुरवठा कोलमडला, तेव्हा तो पूर्ववत करताना सह्याद्रीतील जलविद्युत संच कामी आले.

११.
पण बूच उघडबंद कसे होते? सुमारे पाचशे मीटर उंचीवरून आलेले पाणी तोटीतून धारेच्या रूपाने बाहेर पडते आणि पेल्टन चक्राच्या वाट्यांवर आदळते. तोटीत एक सुईच्या आकाराची झडप असते. ती पुढेमागे सरकली की धार बारीक-मोठी होते. आता समजा, मुंबईत एकाएकी मोठा भार कमी झाला. चक्रावरचे ओझे गेले, ते बेफाम फिरू लागणार. सुई झटकन बंद करावी, तर उतरणाऱ्या पाण्याचा प्रचंड स्तंभ जागच्या जागी अडून त्याच्या धक्क्याने नळ फुटायचा.

१२.
यावर काढलेली युक्ती अशी. धारेपुढे एक लहान विचलक पट्टी असते. वेगनियंत्रक आधी ती पट्टी क्षणार्धात धारेत आडवी घालतो. पाणी चक्रावरून बाजूला जाते. त्यानंतर सुई सावकाश बंद होते. एक हात चपळ, दुसरा धिमा. सुरू करतानाही धार हळूहळू वाढवायची, एकदम नाही. ताकद पायरीपायरीने द्यावी आणि धोक्याच्या क्षणी ती तोडू शकणारा वेगळा मार्ग राखून ठेवावा, हे भिवपुरीतील वेगनियंत्रकाचे शहाणपण पुढे आपल्याला मोटारीच्या बोनेटखाली पुन्हा भेटणार आहे.

१३.
यंत्राच्या कौतुकात एक हिशेब विसरू नये. जलाशय रिकाम्या जागी होत नाहीत. खोऱ्याच्या तळाशी भातखाचरे असतात, देवळे असतात, वस्त्या असतात. आणि पाणी सर्वांत आधी तळच गाठते. मावळातल्या शेतकऱ्याचे वरकस रान डोंगरावर उरते, पण पोट भरणारे खाचर बुडते. याच सुमारास शेजारच्या मुळशी खोऱ्यात १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह उभा राहिला. धरणाने विस्थापित होणाऱ्यांच्या जगातील आरंभीच्या संघटित लढ्यांत त्याची गणना होते. धरण झालेच. परंतु 'ही ताकद कोणाची आणि किंमत कोणाची' हा प्रश्न त्या लढ्याने कायमचा मांडून ठेवला.

१४.
दुसरा हिशेब पाण्याचा. आंद्रा मुळात इंद्रायणीला मिळणारी नदी. इंद्रायणी भीमेला, भीमा कृष्णेला, कृष्णा बंगालच्या उपसागराला. भिवपुरीत उतरलेले पाणी मात्र उल्हास नदीच्या खोऱ्यात जाऊन अरबी समुद्राची वाट धरते. कोकणात त्यावर शेती होते, गावांची तहान भागते, हे खरे. पण अवर्षणाच्या वर्षी भीमेच्या खोऱ्यातून 'आमचे पाणी आम्हाला' अशी मागणी उठते, तिचे मूळ १९२२ च्या त्या बोगद्यात आहे. साठवलेली ताकद एका ठिकाणी वापरली की दुसरीकडे ती नसते. बाटली कोणत्याही आकाराची असो, हा नियम चुकत नाही.

१५.
आता वीज घाटात चढते. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या हार्बर मार्गावर भारतातील पहिली विजेची रेल्वेगाडी धावली. १९२९ मध्ये विजेच्या तारा बोरघाट ओलांडून पुण्यास पोहोचल्या आणि १ जून १९३० रोजी दख्खनची राणी सुरू झाली. एक गैरसमज दूर करायला हवा : घाटातल्या तारांसाठी रेल्वे केवळ टाटांच्या जलविजेवर विसंबली नव्हती, ठाकुर्लीजवळ चोळा येथे तिने कोळशावर चालणारे स्वतःचे वीजघर उभारले होते.

१६.
घाटात माल ओढण्यासाठी आलेले विजेचे इंजिन म्हणजे 'ईएफ-१', पुढे 'डब्ल्यूसीजी-१'. मधोमध खोली, पुढेमागे लांब नाके, आणि चाकांना जोडणारे हलते दांडे. चालताना ते पाय टाकल्यासारखे दिसत, म्हणून आपल्याकडे त्याचे नाव पडले 'खेकडा'. पहिली इंजिने स्वित्झर्लंडमध्ये बांधलेली, विद्युत सामग्री मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सची, ताकद २,६०० अश्वशक्ती. यातले एक इंजिन आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभे आहे.

१७.
तारेतला दाब १,५०० व्होल्टचा. एवढा प्रवाह चालकाने हाताने उघडबंद करायचा म्हटले, तर त्याचे जगणे कठीण. म्हणून इंजिनात दोन स्वतंत्र मंडले असतात. एक बलाचे : मोठा दाब, जाड तारा, मोटारींपर्यंत जाणारे. दुसरे आज्ञेचे : लहान दाब, बारीक तारा. चालकाचा दांडा फक्त आज्ञेचे मंडल हलवतो. ते मंडल मोठमोठे स्पर्शक मिटवते वा उघडते आणि त्यांतून खरी ताकद वाहते. दुर्बळ प्रवाहाने प्रबळ प्रवाहावर हुकमत गाजवायची, ही विद्युत अभियांत्रिकीतली फार मोठी कल्पना आहे.

१८.
शिवाय ताकद एकदम द्यायची नाही. सुरुवातीला मोटारी एकीमागून एक अशा साखळीत जोडलेल्या, मध्ये रोधक. वेग वाढेल तसे रोधक एकेक करून गळतात, मग मोटारींची जोडणी बदलून प्रत्येकीला अधिक दाब मिळतो. पायऱ्या गाळून दांडा ओढला, तर चाके जागीच घसरतात किंवा मोटारी जळतात. आणि उतरणीवर? खेकड्याच्या मोटारी जनित्रे बनून गाडीला रोखत आणि निर्माण झालेली वीज तारेत परत सोडत. १८६९ मध्ये ज्या उताराने गाडी हिसकावून घेतली होती, त्याच उताराकडून आता वीज वसूल होऊ लागली.

१९.
आता वायूकडे. नायट्रस ऑक्साइड १७७२ च्या सुमारास जोसेफ प्रीस्टली याने वेगळा केला. १८०० मध्ये हम्फ्री डेव्हीने त्याच्या मादक परिणामांवर ग्रंथ लिहिला आणि जगाला तो 'हास्यवायू' म्हणून कळला. दातांच्या शस्त्रक्रियेत तो भूल देण्यासाठी आला. इंजिनात त्याचा मोठा वापर प्रथम दुसऱ्या महायुद्धात झाला. उंचावर हवा विरळ, म्हणून विमानाचे इंजिन दमते. जर्मन वायुदलाने 'जीएम-१' नावाच्या योजनेत द्रवरूप नायट्रस टाक्यांत भरून नेला. ब्रिटिशांनी काही मॉस्किटो विमानांत तोच मार्ग धरला. कर्जतचा बँकर येथे आकाशात गेला, इतकेच.

२०.
हा वायू स्वतः जळत नाही. सुमारे ३०० अंश सेल्सिअसवर तो फुटतो आणि नायट्रोजन व ऑक्सिजन सुटे होतात. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन, नायट्रसमध्ये सुमारे ३६ टक्के. जादा ऑक्सिजन म्हणजे जादा इंधन जाळण्याची मुभा. शिवाय द्रवाचे बाष्प होताना आत येणारी हवा थंड होते, दाट होते. परंतु ऑक्सिजन वाढला आणि इंधन त्या प्रमाणात वाढले नाही, तर उष्णता अनावर होऊन पिस्टन वितळतो. म्हणून वायूची आणि इंधनाची झडप एकत्रच उघडली पाहिजे.

२१.
युद्धानंतर ही विद्या अमेरिकेतील ड्रॅग शर्यतींत उतरली आणि आज तिचे तारकाम जगभर साधारण एकाच धर्तीचे असते. बॅटरीपासून फ्यूज, फ्यूजपासून रिले, रिलेपासून दोन्ही झडपांचे विद्युतचुंबक : हे बलाचे मंडल. दुसरे आज्ञेचे. त्यात एकामागोमाग अटी ओवलेल्या असतात. मुख्य खटका चालू हवा. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला हवा. इंजिनाचे फेरे ठरावीक मर्यादांच्या आत हवेत. फार कमी नकोत, कमाल मर्यादेला टेकलेले नकोत. इंधनाचा दाब पुरेसा हवा. यांपैकी एक जरी 'नाही' म्हणाला, तरी मंडल तुटते आणि झडपा मिटतात. खेकड्याच्या चालकाने ही आकृती पाहिली असती, तर त्याला ती परकी वाटली नसती.

२२.
प्रगत कंट्रोलर याच्या पुढे जातो. तो झडपांना सेकंदातून अनेकदा उघडबंद करतो. आरंभी झडप बहुतांश काळ मिटलेली. मग एकदोन सेकंदांत उघडे राहण्याचे प्रमाण वाढत पूर्णावर जाते. त्यामुळे चाके घसरत नाहीत आणि दट्ट्यांवर एकाएकी आघात होत नाही. साधा यांत्रिक रिले एवढी जलद उघडझाप सोसत नाही. तेथे अर्धवाहकाचा रिले लागतो. भिवपुरीची सुई जे पाण्याशी करते, तेच हे साधन वायूशी करते. आणि झडप अशी बनवलेली असते की वीज गेली की स्प्रिंगच्या जोराने ती मिटते. तार तुटली, फ्यूज उडाला, तर जादा ताकद बंद. घाटातल्या त्या फाट्याचीच ही धाकटी बहीण.

२३.
लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर गेल्या दशकात 'व्हॅली रन' नावाच्या ड्रॅग शर्यती भरू लागल्या. ड्रॅग शर्यतीचे रूढ अंतर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर. अशी बंदिस्त धावपट्टी ही या विद्येची योग्य जागा. सार्वजनिक रस्त्याची गोष्ट वेगळी. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ वाहनाच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा अधोरेखित केली. खंडाळ्याच्या उतारावर १८६९ साली जे घडले ते वाचल्यावर या कायद्यामागचे कारण वेगळे सांगावे लागू नये.

२४.
मित्रहो, तंत्रज्ञानाचा इतिहास आपण बहुधा ताकदीचा इतिहास म्हणून वाचतो : किती अश्वशक्ती, किती वेग, किती मेगावॅट. मावळ त्याची दुसरी बाजू दाखवतो. बँकरच्या शिट्या, उतारावरचा फाटा, पेल्टनची पट्टी, खेकड्याचा दांडा आणि नायट्रसचा कंट्रोलर यांपैकी कशानेही एक अश्वशक्ती निर्माण केली नाही. त्यांनी ती वापरण्याजोगी केली. मात्र हे सगळे कंट्रोलर यंत्राला जपणारे आहेत. बुडालेल्या खाचराला आणि वळवलेल्या नदीला जपणारी अट त्या मंडलात ओवलेली नव्हती. ती ओवण्यासाठी माणसांना मुळशीत धरणाच्या कामापुढे बसावे लागले.

२५.
पावसाळ्यात टाकव्याच्या रस्त्याने वडेश्वर-खांडीकडे जाणारे पुष्कळ आहेत. तेथे दिसणाऱ्या त्या विस्तीर्ण पाण्यापुढे छायाचित्र अवश्य काढा. सोबत हेही आठवा की समोर आहे तो निसर्गाचा तलाव नाही. ती शंभर वर्षांपूर्वी भरलेली, दर पावसाळ्यात पुन्हा भरली जाणारी एक बाटली आहे. तिची कळ डोंगरापलीकडे, भिवपुरीत आहे. तळाशी कोणाची शेते होती, ते जवळच्या गावातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला विचारून पाहा. धागा येथे संपला. तो पुढे न्यायचा असेल, तर सुरुवात तेथून करावी.